जहाजावरून उतरल्यानंतर

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा सकाळी एक जुना फोटो आला. जहाजाचा लांबलचक डेक, त्यावर भोवरा फिरवण्यात रंगलेला एक लहान मुलगा, आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली मोठी माणसं. खाली पाच-सहा ओळींचा मजकूर होता. हा फोटो टायटॅनिकवरचा आहे, तो एका आयरिश धर्मगुरूने काढला, त्याला पुढे न्यूयॉर्कपर्यंत जायचं फुकट तिकीट मिळत होतं, पण वरिष्ठांची तार आली की उतर, म्हणून तो मधल्या बंदरात उतरला आणि वाचला. शेवटी ठळक अक्षरांत, ‘देव तारी त्याला कोण मारी!’ त्याखाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. मीही हात जोडायला गेले आणि थांबले. मग दिवसभर, कुकर लावताना, बाहेर भाजी घेताना, संध्याकाळी पुस्तक उघडून बसले तरी, ते वाक्य कानात घोळत राहिलं. देवाने ज्याला तारलं त्याचं सांगितलंत, पण त्या रात्री गार पाण्यात गेलेल्या पंधराशे माणसांना कोण तारणार होतं? आणि दुसरं, मला जास्त छळणारं, ते असं की ती गोष्ट बंदराच्या धक्क्यावर संपत होती. तो माणूस उतरला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. ऐंशी वर्षं जगला. उरलेल्या अठ्ठेचाळीस वर्षांचं काय?

फादर फ्रँक ब्राऊन हे नाव मला नवं नव्हतं. शाळेत असताना एका वर्गाला टायटॅनिकवर प्रकल्प करायचा होता तेव्हा त्यांचे फोटो मी पहिल्यांदा पाहिले आणि मग अधूनमधून त्यांच्याकडे वळत राहिले. त्यामुळे त्या दिवशी मी पुन्हा सगळं काढून बसले. या वेळी सुरुवात टायटॅनिकपासून करायची नाही, असं ठरवून.

फ्रँकचा जन्म 1880 च्या जानेवारीतला, आयर्लंडच्या दक्षिणेकडच्या कॉर्क शहरातला. आठ भावंडांत शेंडेफळ. बाळंतरोगाने आई काही दिवसांतच गेली. नऊ वर्षांचा असताना वडील बुडून गेले, क्रॉसहेवनला, पोहताना. नकाशावर क्रॉसहेवन शोधलं आणि मी बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसले. कॉर्कच्या बंदराच्या तोंडाशी, पश्चिमेच्या किनाऱ्यावर ते गाव आहे. समोरच्या बाजूला रोचेस पॉइंटच्या दीपस्तंभाचा दिवा. त्या दिव्याच्या बाहेर, क्वीन्सटाउन बंदरापासून थोडं दूर, 11 एप्रिल 1912 ला टायटॅनिक नांगर टाकून उभं होतं, कारण ते आत धक्क्याला लागण्याएवढं लहान नव्हतं. म्हणजे ज्या पाण्याने नऊ वर्षांच्या मुलाचा बाप नेला, त्याच पाण्याच्या तोंडाशी तेवीस वर्षांनी त्या मुलाला कोणीतरी म्हणालं, उतर. छोट्या बोटीने तो त्याच खाडीतून आत आला असणार. डाव्या हाताला क्रॉसहेवन. तिकडे त्याने पाहिलं असेल का? मला वाटतं, पाहिलं असेल. बाप बुडाला ती जागा माणूस न पाहता ओलांडत नाही.

पोरक्या फ्रँकला वाढवलं काकांनी. रॉबर्ट ब्राऊन, पुढे क्लॉइनचे बिशप झाले. क्वीन्सटाउनच्या टेकडीवर ज्यांचं मोठं कॅथेड्रल उभं राहत होतं तेच हे. 1897 मध्ये शाळा संपल्यावर काकांनी पुतण्याला एक कॅमेरा घेऊन दिला आणि युरोप बघायला पाठवलं. फिरून आल्यावर त्याच वर्षी तो येशूसंघात, म्हणजे जेझुइटांत, दाखल झाला. कॅमेरा आणि संन्यास एकाच वर्षी हाती आले. दारिद्र्याचं व्रत घेणाऱ्या माणसाकडे कॅमेरा राहू दिला गेला, याचं मला अप्रूप वाटतं. डब्लिनमध्ये पदवीचा अभ्यास करताना पुढे मोठा लेखक झालेला जेम्स जॉइस बरोबर शिकायला होता. मग इटलीत तत्त्वज्ञान शिकणं झालं, आणि 1906 पासून पाच वर्षं डब्लिनच्याच बेल्व्हेडिअर कॉलेजात शिकवणं. कॉलेज म्हणायचं, पण ती मुलांची शाळा. जेझुइटांमध्ये दीक्षा मिळण्याआधी काही वर्षं शाळेत शिकवावं लागे. तिथे त्यांनी मुलांचा कॅमेरा क्लब काढला, सायकलींचा क्लब काढला, शाळेचं वार्षिक सुरू केलं. ही यादी मी वाचली आणि माझा हा माणूस मला सापडला. प्रत्येक शाळेत असा एक शिक्षक असतो. शिकवतो तर चांगलंच, पण मुलं त्याला ओळखतात ती शाळा सुटल्यानंतरच्या तासांमुळे. काचेच्या पट्ट्या, औषधांचा वास, अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली हळूहळू उमटत जाणारा चेहरा, आणि तो पाहताना श्वास रोखून उभी राहिलेली पोरं.

जहाजाचं तिकीट काकांनीच दिलं होतं. ईस्टर नुकताच झाला होता. साउदॅम्प्टनहून निघायचं, फ्रान्सचं शेरबर्ग करून क्वीन्सटाउनला उतरायचं, एवढाच प्रवास. ब्राऊन तेव्हा दीक्षेपूर्वीचा धर्मशास्त्राचा अभ्यास करत होते. खोली मिळाली अ-37. मग त्यांनी जे केलं ते कुठल्याही फोटोवेड्याने केलं असतं. जहाज निघता निघता दुसरं एक जहाज दोर तुटून त्याच्या अंगावर आलं, ते टिपलं. व्यायामशाळेतले शिक्षक, वाचनाची खोली, डेकवर फिरणारी माणसं, स्वतःची खोलीसुद्धा. आणि बिनतारी संदेशाची खोली. तो फोटो बिघडला, एकाच फिल्मवर दोन चित्रं पडली. पण त्या खोलीचा दुसरा फोटो जगात नाही, म्हणून तो बिघडलेला फोटोही जपून ठेवला गेला. त्याच खोलीतून ब्राऊन यांचा संदेश डब्लिनला गेला. जेवणाच्या टेबलावर एका श्रीमंत अमेरिकन जोडप्याशी ओळख झाली होती. आमच्याबरोबर न्यूयॉर्कपर्यंत चला, खर्च आमचा, असं ते म्हणाले होते. वरिष्ठांची परवानगी हवी म्हणून संदेश गेला. क्वीन्सटाउनला उत्तर वाट पाहत होतं. चार शब्द आणि खाली सहीच्या जागी हुद्दा. त्या जहाजावरून उतर. प्रांतप्रमुख, म्हणजे येशूसंघाचे आयर्लंडमधले वरिष्ठ.

ती तार त्यांनी आयुष्यभर पाकिटात बाळगली, असं सांगतात. तीन दिवसांनी त्याच बिनतारी खोलीतून मदतीच्या हाका गेल्या. 15 एप्रिलच्या पहाटे दोन वाजून वीस मिनिटांनी जहाज गेलं. ब्राऊन यांच्याकडचे फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत छापले गेले.

आणि तो भोवरा फिरवणारा मुलगा? तो वाचला. आई-वडिलांसकट वाचला. डग्लस स्पेडन त्याचं नाव, सहा वर्षांचा होता. तीन वर्षांनी, 1915 मध्ये, अमेरिकेत मोटारीखाली सापडून गेला.

देव तारी त्याला कोण मारी, हे वाक्य या मुलापुढे मला उच्चारवत नाही. ज्यांनी तो निरोप पाठवला त्यांच्या श्रद्धेविषयी मला काही म्हणायचं नाही. माझी आईही हेच वाक्य म्हणायची आणि तिला त्याने बळ मिळायचं. पण या गोष्टीत देव कोणाला तारतो आणि कशासाठी, याचा हिशोब लागत नाही. लावायला गेलं की कुणाच्या तरी मुलाचा अपमान होतो. ब्राऊन स्वतः त्या तारेबद्दल बोलत तेव्हा आज्ञापालनाने माझा जीव वाचला असं म्हणत, असं सांगतात. नशीब नाही, चमत्कारही नाही, आज्ञापालन.

आणि इथेच माझी खरी अडचण सुरू होते.

मी आयुष्यभर मुलांना शिकवलं ते का म्हणून विचारायला. हो म्हणण्याआधी थांबा, सांगणाऱ्याला कारण विचारा, पटलं तरच करा. वर्गात गप्प बसणाऱ्या, सांगितलेलं निमूट करणाऱ्या मुलांविषयी मला काळजी वाटायची. खोड्या करणाऱ्यांची नाही वाटली कधी. त्यामुळे जेझुइटांचं आज्ञापालनाचं व्रत वाचताना माझ्या मनात कायम एक कुसळ राहिलं आहे. वरिष्ठांनी म्हटलं जा, तर जायचं. म्हटलं ये, तर यायचं. पोटात कितीही इच्छा असो. विचार करा, बत्तीस वर्षांचा माणूस, हातात कॅमेरा, जगातलं सर्वांत मोठं जहाज पायाखाली, पुढे अटलांटिक आणि न्यूयॉर्क, आणि कुणाचाही खर्च नाही. उतर म्हटल्यावर तो उतरला. जहाज पुढे सुखरूप गेलं असतं तर ही गोष्ट आज कोणी सांगितली असती का? सांगितली असती तर एका तरुणाच्या हातून निसटलेल्या प्रवासाची म्हणून. कोणी हात जोडले नसते.

पण ज्या आज्ञेने उतरवलं, तिनेच पुढे चढवलंही. हे त्या निरोपात नव्हतं. 31 जुलै 1915 ला काकांच्याच हस्ते फ्रँक ब्राऊन यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. 31 जुलै हा येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा सण, आणि ते स्वतः मूळचे सैनिक. पुढच्याच वर्षी ब्राऊन यांना पहिल्या महायुद्धावर पाठवण्यात आलं. ब्रिटिश सैन्यातल्या आयरिश गार्ड्स या पलटणीबरोबर लष्करी धर्मगुरू म्हणून. वय छत्तीस. जाल का, असं विचारलं गेलं असेल, आग्रह झाला असेल, त्यांनी स्वतः हात वर केला असेल. पण गेले ते व्रताखाली. सोम, मेसीन, ईप्र, पाशेंडाल, अरास, ही सगळी फ्रान्स-बेल्जियममधली रणांगणं. या नावांतल्या प्रत्येकामागे चिखल आहे.

लष्करी धर्मगुरू नेमकं काय करतो? माझे एक मामा मराठा पलटणीत होते. त्यांच्याकडून मला पलटणीतल्या पंडितजींविषयी कळलं. आपल्या सैन्यातही धर्मशिक्षक असतात, पंडितजी, मौलवी, ग्रंथी, पाद्री, जवानांच्या धर्माप्रमाणे. मामा म्हणायचे, पुढे सरकायच्या आदल्या संध्याकाळी पंडितजींकडे गर्दी व्हायची ती आरतीसाठी कमी आणि बोलायला जास्त. बायकोला काय लिहू, धाकट्याची फी राहिलीय, आईला सांगू नका मी कुठे आहे. पंडितजी ऐकायचे. मामांना त्यांचा एकही श्लोक आठवत नव्हता, पण मांडी घालून बसलेली ती ओळखीची आकृती आठवत होती. लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं, हे काय काम झालं? आता वाटतं, बंदूक असलेल्या हजार माणसांत एक बिनबंदुकीचा माणूस असावा लागतो.

कॅथलिक धर्मगुरूला मात्र आणखी एक बंधन होतं, आणि त्या बंधनानेच त्याला पार पुढच्या खंदकात नेलं. पापनिवेदन ऐकून क्षमा द्यायची ती जिवंत माणसाला. मरणाऱ्याच्या डोळ्यांना, कानांना, नाकाला, ओठांना, हातापायांना पवित्र तेल लावायचं तेही प्राण असेपर्यंत. वेळ नसेल तर नुसतं कपाळाला. मागे दवाखान्याच्या तंबूत थांबून हे जमत नाही, कारण तिथपर्यंत सगळे पोचत नाहीत. म्हणून शेतकरी घरांतून, गिरण्यांतून, डब्लिनच्या चाळींतून आलेली ती आयरिश पोरं जिथे पडत, तिथपर्यंत फादरला जावं लागे. हुद्दा कॅप्टनच्या बरोबरीचा, कमरेला शस्त्र नाही, खिशात तेलाची कुपी आणि ख्रिस्तप्रसादाची डबी. एकेकाचं निवेदन ऐकायला वेळ नसेल तेव्हा, हल्ल्यापूर्वी, साऱ्या पलटणीला एकदमच क्षमा द्यायची मुभा होती. ओल्या शेतात गुडघे टेकलेली शेकडो माणसं, हेल्मेटं काढून हातात, आणि समोर एकच हात वर गेलेला. त्यातल्या कितीजणांचं हे शेवटचंच, हे त्या हाताच्या मालकाला ठाऊक असणार.

ब्राऊन पाच वेळा जखमी झाले. एकदा जबड्याला दुखापत झाली. एकदा विषारी वायूने छाती जळली, ती पुढे कधीच पूर्ण बरी झाली नाही. मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं, तेच पुन्हा दुसऱ्यांदा मिळालं, बेल्जियमचं क्रुआ द गेर मिळालं. जहाजातून वाचलेला माणूस म्हणून त्यांच्याकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, असं मला फार वाटतं. चार दिवसांच्या आत ते एका मरणापासून दूर गेले आणि पुढे युद्ध संपेपर्यंत रोज दुसऱ्या मरणाकडे चालत गेले. त्यांच्याच संघाचे फादर विली डॉइल त्याच, बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या आघाडीवर होते. तेही शिक्षक, क्लोंगोज वूड नावाच्या शाळेतले. 16 ऑगस्ट 1917 ला जखमींकडे धावाधाव करताना तोफगोळ्याने गेले. शव सापडलं नाही. टाइन कॉटच्या स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशा हजारो नावांत त्यांचं नाव कोरलेलं आहे. एकाच संघातले दोघे शिक्षक, एकाच व्रताने बांधलेले. डॉइल यांना परत बोलावणारी तार आली नाही.

मला हे सगळं सुखाने स्वीकारता येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. धर्मगुरूच्या अंगावर लष्करी गणवेश पाहिला की माझं मन आखडतं. ख्रिस्ताने दुसरा गाल पुढे करायला सांगितला, आणि त्याचाच सेवक पलटणीबरोबर कूच करतो. समोरच्या खंदकात बव्हेरियाचे कॅथलिक होते. त्यांच्याकडेही फादर होते, तीच लॅटिन प्रार्थना, तेच तेल. दोन्हीकडून एकाच देवाकडे मागणं जात होतं. कुठल्याही देशाने युद्धात धर्माला बरोबर घेतलं की त्याचा उपयोग पोरांना पुढे ढकलण्यासाठी होतो, हे मी इतिहास शिकवताना वर्षानुवर्षं सांगत आले आणि ते मला आजही खरं वाटतं. पण मग तो कपाळावर तेल लावणारा अंगठा डोळ्यांपुढे येतो. एकोणीस वर्षांचा मुलगा चिखलात पडला आहे, त्याला देशाचं काही पडलेलं नाही, राजाचं नाही, त्याला आई हवी आहे. तिथे कोणीतरी त्याच्या भाषेत, त्याच्या उच्चारात बोलणारं, त्याच्या गावाची माहिती असलेलं माणूस बसतं. युद्ध चूक म्हणून त्या माणसाने तिथे जाऊ नये का? मी हा प्रश्न स्वतःला अनेकदा विचारला. दरवेळी उत्तर एकच येतं. त्याने जावं. आणि दरवेळी ते उत्तर देताना मला त्रास होतो.

कॅमेरा तिथेही होता. युद्धातल्या आणि युद्ध संपल्यावर जर्मनीत मुक्काम पडला तेव्हाच्या फोटोंचा एक संग्रह त्यांनी तयार केला आणि प्रती पलटणीतल्या सोबत्यांना वाटल्या. शाळेच्या वार्षिकाची आठवण येते मला. जे बरोबर होते त्यांच्या हातात त्यांचे चेहरे परत द्यायचे, ही शिक्षकाची खोड.

1920 च्या वसंतात ते पलटणीतून सुटले, आणि परतले ते पुन्हा बेल्व्हेडिअरला. पुढचं आयुष्य मी भराभर सांगते, कारण त्यात एका ठिकाणी मला पुन्हा मागे यायचं आहे. 1922 मध्ये डब्लिनच्या गार्डिनर स्ट्रीटवरच्या चर्चचे ते प्रमुख झाले. छातीचं दुखणं हटेना, म्हणून 1924 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उन्हात पाठवलं गेलं. हा आणखी एक लांबचा जहाजप्रवास, या वेळी वरिष्ठांच्याच सांगण्यावरून. जाताना केप टाउन, येताना कोलंबो, एडन, सुएझ. सगळीकडचे फोटो. 1929 पासून गावोगाव प्रवचनं देत फिरण्याचं काम मिळालं. प्रवचन संध्याकाळी, त्यामुळे दिवस मोकळा. त्या मोकळ्या दिवसांत या माणसाने अख्खं आयर्लंड टिपलं. शाळेतली पोरं, गुरांचे बाजार, कारखाने, बंदरात निरोप घेणारी माणसं. कोडॅक कंपनीने टायटॅनिकच्या फोटोंनंतर त्यांना कायमची फुकट फिल्म देऊ केली होती, म्हणून दारिद्र्याचं व्रत असूनही हात आखडावा लागला नाही. 7 जुलै 1960 ला ते गेले. त्यानंतर पंचवीस वर्षं कोणाला काही पत्ता नव्हता. 1985 मध्ये फादर एडवर्ड ओडॉनल यांना येशूसंघाच्या डब्लिनमधल्या कार्यालयात एक मोठी पत्र्याची पेटी सापडली. आत सुमारे 42,000 निगेटिव्ह, बहुतेकांवर जागा आणि तारीख नीट लिहिलेली. जुनी नायट्रेट फिल्म विरघळत चालली होती, ती वेळेत नव्या फिल्मवर उतरवली गेली. या 42,000 त टायटॅनिकचे ते किती, मूठभर. मी त्यातल्या मुलांच्या फोटोंपाशी नेहमी रेंगाळते. मुलं त्यांच्या कॅमेऱ्याला बिचकत नाहीत. अनोळखी माणसापुढे मुलं अशी उभी राहत नाहीत, हे वर्गात आयुष्य काढलेल्या कुणालाही कळेल.

आता मागे येते. 1920 चा नोव्हेंबर.

ब्राऊन युद्धावर गेले त्याच 1916 मध्ये, ईस्टरच्या आठवड्यात, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला होता. पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यातला जोसेफ प्लंकेट हा बेल्व्हेडिअरचा माजी विद्यार्थी. युद्धात दोन लाखांहून जास्त आयरिश माणसं ब्रिटिश गणवेशात लढली. जाताना बँड वाजवून निरोप मिळालेली ही माणसं परत आली तेव्हा देश बदललेला होता. गणवेश लपवावा लागे. पदकं कपाटाच्या तळाशी गेली. आणि मग सप्टेंबर 1920 मध्ये डब्लिनमध्ये आयरिश क्रांतिकारकांनी ब्रिटिश सैनिकांच्या एका तुकडीवर हल्ला केला. तीन ब्रिटिश सैनिक मेले, तेही कोवळ्या वयाचे. जागेवर पकडला गेला केव्हिन बॅरी, वैद्यकीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, वय अठरा. नुकता शाळेतून बाहेर पडलेला. शाळा बेल्व्हेडिअर. 1 नोव्हेंबरच्या सकाळी त्याला माउंटजॉय तुरुंगात फाशी दिली. शाळेपासून तुरुंग चालत जाण्याएवढा जवळ आहे.

मी त्या शिक्षकखोलीची कल्पना करते. एकीकडे ब्रिटिश राजाच्या नावाने दोनदा मिलिटरी क्रॉस मिळालेला शिक्षक. दुसरीकडे त्याच शाळेचा, त्याच राजाच्या नावाने फासावर गेलेला मुलगा. खाली वर्गांत दोन्हीकडची पोरं, कुणाचा भाऊ फ्लँडर्समध्ये पुरलेला, कुणाचा भाऊ रानात लपलेला. आमच्याही शाळेत बाहेर शहर पेटलेलं असताना वर्ग घ्यावे लागले आहेत. कोणाच्या घरातून कोण कुठल्या बाजूला आहे हे शिक्षकाला माहीत असतं आणि मुलांनाही माहीत असतं की आपल्या बाईंना माहीत आहे. अशा दिवशी हजेरी घेताना एकेक नाव जड होतं.

बॅरीला फाशी झाली तो दिवस सर्व संतांचा सण. दुसरा दिवस, 2 नोव्हेंबर, सर्व मृतांचा. वर्षभर धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करायचा, असा तेव्हा साधारण नियम होता. पण 1915 मध्ये, युद्धातले मृत्यू आवरेनासे झाले तेव्हा, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी प्रत्येक धर्मगुरूला या एका दिवशी तीन मिस्सा करायची मुभा दिली. एक सर्व मृतांसाठी, एक पोप सांगतील त्या हेतूसाठी, आणि एक धर्मगुरूच्या स्वतःच्या मनातल्या माणसांसाठी. दोन मिस्सांचा हेतू ठरलेला. त्यात वरिष्ठ सांगतील ते. तिसरा मात्र त्याचा स्वतःचा. कुणासाठी, हे त्याने ठरवायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची तार येणार नाही.

फादर ब्राऊन यांनी त्या वर्षी तिसऱ्या मिस्सात कोणाला आठवलं असेल? आयर्लंडमधल्या निम्म्या लोकांचं म्हणणं होतं की ब्रिटिश गणवेशात मेलेल्यांसाठी रडू नये. उरलेल्यांचं म्हणणं, सैनिकांना मारणाऱ्यासाठी रडू नये. मला या माणसाच्या आज्ञापालनाचं कोडं सुटलेलं नाही. सुटेल असंही वाटत नाही. पण पाच वर्षं मुलांबरोबर अंधाऱ्या खोलीत उभं राहून चेहरे उमटताना पाहिलेला, मग युद्धात त्याच वयाच्या मुलांच्या कपाळाला तेल लावलेला माणूस त्या सकाळी एका बाजूचीच नावं घेईल, हे मी मानायला तयार नाही. गार्ड्समधली नावं त्याने घेतली असतील. डॉइलचं घेतलं असेल. त्या तीन सैनिकांची घेतली असतील. आणि केव्हिनचं घेतलं असेल, शाळेच्या हजेरीत होतं तसंच, आडनावासकट.